लॉगिन करूनही पुन्हा लॉगिनच्याच पडद्यावर

लिनक्सवर मेट या डेस्कटॉपसोबत एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉप बसवून लॉगिनच्या पडद्यावरील यादीतून नवे सत्र निवडले, तेव्हा अचूक पासवर्ड देऊनही पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा तेथेच येऊ लागला. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 दाबून उघडलेल्या टर्मिनलमध्ये मात्र तोच पासवर्ड चालला. म्हणजे दोष खात्यात नव्हता. अशा वेळी डेस्कटॉप पुन्हा बसवण्याची घाई मला अनाठायी वाटते. होम फोल्डरमधील लपलेल्या फाइली मालकाच्या नावासह पाहिल्या असता ‘डॉट एक्सऑथॉरिटी’ची मालकी रूट या प्रशासक खात्याकडे गेलेली दिसली, कारण आदल्या दिवशी मी डेस्कटॉप सुरू करणारी ‘स्टार्टएक्स’ ही आज्ञा सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, चालवली होती. लॉगिनचा पडदा दाखवणाऱ्या लाइटडीएमने सुरू केलेल्या सत्राला पडद्यापर्यंत पोहोचण्याची किल्ली याच फाइलीत असते. ‘चोन’ आज्ञेने मालकी माझ्या नावावर परत आणताच एक्सएफसीई उघडले आणि मेटही पूर्ववत चालू लागले.