बुडालेल्या गावाचं स्मारक बांधण्याआधी

धरणात गेलेल्या गावाची काहीतरी कायमची खूण असावी, असं तुमच्या पुनर्वसन वसाहतीत बोललं जात असेल, तर पहिली बैठक बहुधा कमान किती उंच आणि तिच्यावर फोटो कोणाकोणाचे यावरच संपली असेल. आमचीही तशीच संपली. पुढे दीड वर्ष पायपीट केल्यावर कळलं की आम्ही यादी उलटी धरली होती. बांधकाम सगळ्यात शेवटी येतं. त्याच्या आधी जे करायचं ते आमच्या क्रमाने नाही, तर जसं करायला हवं होतं त्या क्रमाने इथे लिहितो.

सुरुवात मे महिन्यात करा. पाणी तळाला गेलं की गावठाणावर जा, आणि एकटे तरुण जाऊ नका. सत्तरी ओलांडलेली निदान तीन-चार माणसं सोबत हवीत, आणि तीही वेगवेगळ्या आळ्यांतली. एकाच वाड्यातली तीन म्हातारी नेलीत तर तुम्हाला गावाचा नाही, त्या वाड्याचा नकाशा मिळेल. एखादी सासुरवाशीण आणि एखादी माहेरवाशीणही न्या. पाणवठ्याची वाट आणि धुण्याचा दगड पुरुषांना आठवत नाही, हे आम्ही पाहिलं. बरोबर फक्कीची पिशवी, सुतळी, खुंट्या, भरपूर प्यायचं पाणी आणि फोन. जोती दिसतात तिथे फक्की टाका, दिसत नाहीत तिथे म्हाताऱ्यांना बोलू द्या. चावडी पाराच्या उगवतीला होती की मावळतीला यावर आमच्याकडे तासभर भांडण झालं. मिटवू नका. दोन्ही जागा मांडा, कोण काय म्हणालं ते लिहून घ्या. चिखलात पाय टाकताना काठी पुढे टाका. वरून वाळलेला गाळ आत गुडघाभर ओला असतो.

आधी कोणी असं काही केलंय का ते पाहायचं असेल तर गोव्यात सांगे तालुक्यातल्या कुर्डीला जा. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर येतं आणि विखुरलेली माणसं तिथे जमतात. हिंदू सोमेश्वराच्या देवळाकडे, ख्रिस्ती आपल्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या जागी. तिथलं जुनं महादेवाचं देऊळ मात्र दगड न दगड सोडवून धरणाजवळ हलवलं आणि पुन्हा उभं केलं. म्हणजे एकाच गावाची आठवण दोन रीतींनी जपली गेली: वास्तू उचलून आणली, आणि जागा होती तिथेच ठेवून तिच्याकडे दरवर्षी जाण्याचा रिवाज पडला. देऊळ पाहायला प्रवासी येतात. पण गाव जमतं ते चिखलातल्या जोत्यांवर. स्मारकाचा विचार करणाऱ्याने यावर थोडं थांबावं असं मला वाटतं.

पावसाळ्याचे चार महिने कागदांना द्या. भूमी अभिलेख कार्यालयातून गावठाणाचा जुना नकाशा आणि सर्व्हे नंबरांची टिपणं, तहसिलातून जुने सातबारे, आणि भूसंपादनाचा निवाडा, म्हणजे भरपाई ठरवणारा कागद. निवाड्यात घर, विहीर, झाडं यांची नोंद असते. आंबा किती वर्षांचा, त्याची किंमत काय धरली, हेही सापडतं. आमच्या एका घराच्या नोंदीत ‘फणस १, चिंच २’ असं निघालं आणि त्या घरातल्या आजी त्या कागदावर हात फिरवत बसल्या.

पण निवाडा म्हणजे गाव नव्हे. त्यात खातेदार आहेत. ज्याच्या नावावर जमीन नव्हती त्याचं नाव तिथे नाही. बलुतं करणारे, सालगडी, कुळाने कसणारे पण कागदावर न आलेले, परित्यक्ता होऊन भावाकडे राहिलेली बहीण, देवळात राहणारा गोसावी, यांतलं कोणीच नाही. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली आला. त्याआधी उठलेल्या गावांचे, कोयनेसारख्या धरणांतल्या माणसांचे, कागद तर आणखी विरळ, आणि माणसं ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी कुठे कुठे पांगलेली. म्हणून सरकारी यादी हा फक्त सांगाडा धरा. तिच्यावर घरोघरी फिरून दुसरी यादी चढवा, आणि विचारताना ‘खातेदार कोण’ असं न विचारता ‘चूल कोणाची’ असं विचारा. या एका शब्दाने आमच्या यादीत कितीतरी घरं वाढली. हे काम कंटाळवाणं आहे, एक अख्खा हिवाळा खातं, आणि याच्यावाचून पुढचं सगळं खोटं ठरतं.

मग नावांचा क्रम. मानपानाची सगळी वादळं इथेच उठतात, तेव्हा दगड घ्यायच्या आधीच क्रम ठरवा. आडनावांच्या अकारविल्ह्याने लावलं तर मोठ्या भावकीची भिंतच्या भिंत होते आणि एकटं घर तिच्यात बुडतं. पाटील पहिले, मग बाकीचे, हे तर आता कोणी उघड म्हणत नाही, पण क्रम न ठरवता सोडला की आपोआप तसंच होतं. वॉशिंग्टनमधलं व्हिएतनाम युद्धाचं स्मारक १९८२ साली झालं तेव्हाही नावं वर्णक्रमाने लावावीत असा आग्रह होता. माया लिन या तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या रचनाकाराने तारखेचा क्रम धरला. पहिला बळी आणि शेवटचा बळी दोन भिंती जिथे मिळतात तिथे शेजारी येतात, आणि आपला माणूस शोधणाऱ्याला त्याच्यासोबत पडलेलेही सापडतात. (त्या भिंतींचा काळा ग्रॅनाइट बंगळूरकडचा आहे, हे कळल्यावर आमच्या पाथरवटाला फार बरं वाटलं.) आम्ही त्यावरून तारीख घेतली नाही, चाल घेतली. वेशीतून आत शिरल्यावर डाव्या हाताला पहिलं घर कोणाचं, मग कोणाचं, तसं थेट नदीपर्यंत. वाचणारा गावातून चालत जातो. गावकुसाबाहेरच्या वस्तीचं काय, हा प्रश्न येणारच, आणि तो आला तेव्हा बैठकीत बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी त्या वस्तीतल्याच एका शिक्षकांनी सांगितलं, आमची घरं होती तिथेच दाखवा, वेशीच्या बाहेर. होतं ते झाकू नका. तसं केलं. तुमच्याकडे कदाचित वेगळं ठरेल, पण ते त्या वस्तीला विचारून ठरू दे.

जागा निवडताना दोन गोष्टी तपासा, दिसतं काय आणि मालकी कोणाची. धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं ती रेषा जलसंपदा खात्याकडून समजून घ्या. तिच्या खालची जमीन तर त्यांचीच, पण वरचीही बऱ्याचदा संपादित असते. परवानगी लेखी घ्या. गायरान म्हणजे मोकळी जमीन असा समज सोडा. रस्त्याकडेला तर जाऊच नका. सार्वजनिक रस्त्यावर पुतळा किंवा बांधकाम करू देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा आदेश आहे. जवळ केंद्र सरकारचं संरक्षित देऊळ किंवा लेणं असेल तर १०० मीटरच्या आत बांधकाम बंद आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. ग्रामसभेचा ठराव, मोजणी, नकाशा, या वाटेला वर्ष गेलं तरी चिडू नका.

दिसण्याची गोष्ट मात्र कोणत्याच कार्यालयात मिळत नाही. काठावर तीन-चार ठिकाणी उभं राहून पाहा, बुडालेलं गावठाण नेमकं कुठल्या दिशेला आहे आणि मागे कोणता डोंगर येतो. पाणी तुडुंब असताना ऑक्टोबरात पाहा आणि रितं असताना मेमध्येही पाहा. हिरोशिमाच्या शांतता उद्यानात केंझो टांगे यांनी संग्रहालय, समाधीची कमान आणि बाँबने मोडलेली घुमटाची इमारत एका सरळ रेषेत धरली. कमानीपुढे मान वाकवणाऱ्याला तिच्या पोकळीतून तो घुमट दिसतो. एवढी मोठी जागा आपल्याकडे नसते, आणि लागतही नाही. एक दगडी कट्टा अचूक दिशेला तोंड करून असला की बसणाऱ्याची नजर आपोआप जिथे जायची तिथे जाते. आमच्या पहिल्या आराखड्यात कमानीचं तोंड रस्त्याकडे होतं, गाडीतून दिसावी म्हणून. गावाकडे पाठ!

झाडं आणि पाणी यांचा विचार बांधकामाच्या आधी. भुजला भुजियो डुंगरावर २००१च्या भूकंपाचं स्मृतिवन आहे, सुमारे ४७० एकरांचं. तिथे डोंगरउतारावर पाणी अडवणारे तलाव बांधले आणि मेलेल्यांच्या नावाच्या पट्ट्या त्या तलावांच्या भिंतींवर लावल्या. पाऊस पडला की नावांच्या कुशीत पाणी साठतं आणि त्याच्यावर झाडं वाढतात. राजीव कठपालिया यांच्या रचनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. ते खुलं व्हायला २०२२ साल उजाडलं, हेही लक्षात असू द्या. एका निवडणुकीच्या आत स्मारक उरकण्याची घाई कोणी करू लागलं तर सांगायला उपयोगी पडतं.

आपल्या आवाक्यातलं असं. उताराला आडवे चर खणा. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्या, लागवड पहिल्या दोन पावसांनंतर. गुलमोहर लवकर फुलतो म्हणून लावू नका, वाऱ्यात मोडतो. वड, उंबर, चिंच, बकुळ, कडुलिंब, आणि निवाड्यात जी झाडं लिहिलेली आहेत ती. गाव उठताना कोणीतरी पारावरच्या वडाची फांदी नेऊन लावलेली असते. आमच्याकडे ती एका वसाहतीच्या शाळेमागे निघाली, आता तिचा चांगला घेर झालाय. तिच्याच फांद्या आणल्या. वडा-पिंपळाला कोरीव दगडांपासून लांब ठेवा, मुळं कोणाचं नाव पाहत नाहीत. पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याचं नाव आणि मजुरी आजच लिहा. शेळ्यांसाठी कुंपण. हे दोन खर्च अंदाजपत्रकात नसतील तर झाडांचा खर्च मांडूच नका.

दगडाबद्दल मी थोडा हट्टी आहे. वसाहतीत आधी एक संगमरवरी पाटी होती, रंगवलेल्या अक्षरांची. दोन पावसाळ्यांत निम्मी नावं गेली, आणि ठळक उरलं ते खालच्या बाजूला मोठ्या टायपात कोरलेलं देणगीदार मंडळाचं नाव. आपल्याकडे काळा पाषाण पायाशी आहे. पृष्ठभाग घोटून घ्यायचा आणि अक्षर छिन्नीने खोल कोरायचं. कोरलेला भाग फिकट दिसतो, रंगाची गरज राहत नाही. कोकणात पाराला जांभा उत्तम, पण अक्षर त्यात टिकत नाही, तेव्हा नावांपुरता पाषाण बाहेरून आणा. जुन्या जोत्याचे दगड वापरणार असाल तर त्यांच्या सांध्यांत सिमेंट भरू नका. चुना विरवून, मुरवून वापरा. तो करणारा गवंडी आधी शोधा, कारण हल्ली तोच सगळ्यात दुर्मिळ. पाथरवटाला नावांची यादी हाताने लिहून देऊ नका. छापून द्या आणि ज्याच्या घरचं नाव त्याच्याकडून तपासून सही घ्या. दगडात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की पिढ्यान्‌पिढ्या चुकलेलंच राहतं. एक शिळा कोरीच ठेवा. राहिलेलं घर नंतर निघतंच.

आणि अक्षरांनाच सगळं सांगायला लावू नका. आपल्याकडे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांचे स्मृतिदगड, उभे करणाऱ्यांनी बहुतेक वेळा एक अक्षर न लिहिता माणूस कसा लढला आणि कसा गेला ते सांगितलं, वर चंद्र-सूर्य कोरले आणि तो दगड गावाच्या वाटेवर ठेवला. बोरिवलीच्या एकसरला तर जहाजांची लढाई कोरलेले वीरगळ आहेत. आमच्या पाथरवटाने सुचवलं म्हणून आम्ही नदीचं वळण एका लांब शिळेत खोदलं. पाऊस पडला की त्यातून पाणी वाहतं आणि पोरं त्यात पानं सोडतात.

पैशांचं थोडक्यात. देणगीदारांची नावं वहीत, दगडावर नाहीत, हे पावतीपुस्तक छापण्याआधी सांगा. निम्मी रक्कम बँकेत ठेव म्हणून, तिच्या व्याजावर झाडलोट आणि डागडुजी. किल्ली नको, कुलूपच नको.

वर्षातला एक दिवस ठरवा आणि तो उद्‌घाटनाचा नसू द्या. जुन्या गावाच्या जत्रेची तिथी गाव पाण्याखाली असताना येत असेल तर जत्रा काठावर करा. आमचा दिवस मेमधलाच आहे, चाकरमानी आलेले असतात म्हणून. त्या दिवशी नावं वाचायची, नवं कळलेलं घर वहीत चढवायचं.

शेवटचं, पाराचे मूळ दगड वर आणायचे असतील तर परवानगीचा कागद मार्चपर्यंत हातात हवा. दगडांवर खडूने नंबर घालू नका, तेलरंगाने घाला, मागच्या बाजूला. ट्रॅक्टर फक्त गाळ तडकलेला असतो त्या पंधरा-वीस दिवसांत खाली उतरतो. वळवाची एक सर आली की चाकं रुततात आणि पुढचा मे येईपर्यंत थांबावं लागतं. आमचे अजून सात दगड खालीच आहेत.