परातीतल्या खेळाची तयारी, आणि सगळ्यात आधी ओले फडके

लहान मुलांपुढे परातीत धान्य, पीठ किंवा पाणी मांडून त्यांना हातांनी मनसोक्त चाचपू देण्याच्या खेळाला हल्ली ‘सेन्सरी प्ले’ म्हणतात आणि त्याची तयार खोकीही विकत मिळतात. घरात परात, वाट्या, डाव, गाळणे आणि पिठाची चाळण असताना ती खोकी कशाला घ्यावीत, हे मला आजतागायत कळलेले नाही. मात्र हाच खेळ घरी मांडताना मी एकदा असा घोळ घातला, की रविवारच्या सकाळचा शेवट कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या दवाखान्यात झाला. त्यानंतर ही यादी पक्की केली. ती अडीच ते चार वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान मुलांसाठी काय बदलावे, ते ओघात येईल.

यादीतली पहिली वस्तू ओले फडके. परात नव्हे, धान्य नव्हे, ओले फडके. जुन्या सुती धोतराचे किंवा पंचाचे दोन मोठे तुकडे भिजवून, घट्ट पिळून, ताटलीत घालून, आपण जेथे बसणार तेथे, न उठता हात पोहोचेल अशा अंतरावर ठेवावेत. मोरीत नाही, ओट्यावर नाही, खुर्चीच्या पाठीवर नाही. मी त्या दिवशी परात, चादर, वाट्या, दोन रंगांची उकड आणि एका टोपात भिजवण्यासाठी काढलेले हरभरे, असा सगळा थाट मांडला होता. फडके तेवढे राहिले. दहाव्या मिनिटाला लेकीचे हात कोपरापर्यंत चिकट झाले, तिला ते नकोसे झाले, आणि दोन्ही हात वर धरून ती सोफ्याकडे निघाली. तिला जागेवर बसवून मी फडके आणायला मोरीत गेलो, ते भिजवले, पिळले आणि परत आलो. एक मिनिटही झाले नसेल. तेवढ्यात भिंतीवर तिच्या उंचीला पाच पिवळी बोटे उमटली होती, टोप कलंडला होता आणि तिच्या उजव्या नाकपुडीत एक हरभरा होता. बोटे अजून आहेत. गेल्या दिवाळीत रंग काढला तेव्हा तेवढा चौकोन आम्ही मुद्दाम तसाच ठेवला.

धान्य नाकात किंवा कानात गेले, तर ओलाव्याने ते फुगते आणि दर तासाला काढायला अवघड होत जाते. अशा वेळी चिमटा घालू नये, नाकात पाणी सोडू नये, आणि ‘जोरात शिंकर’ असेही सांगू नये, कारण या वयाचे मूल शिंकरण्याऐवजी हमखास आत ओढते. सरळ डॉक्टरांकडे जावे. मुलाने न सांगता काही घातले असेल, तर काही दिवसांनी एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येऊ लागतो. त्याला सर्दी समजून स्वस्थ बसू नये. दूरनियंत्रकातील किंवा घड्याळातील बटणासारखी बॅटरी नाकात वा पोटात गेली असल्याची नुसती शंका आली, तरी त्याच क्षणी निघावे.

आता जागा. गच्ची, गॅलरी किंवा दिवाणखान्याचा मोकळा कोपरा, यांपैकी काहीही चालते. खाली जुनी चादर घालावी, तिच्याखाली मेणकापड असल्यास उत्तम. पंखा बंद करावा. ही गोष्ट सांगण्याजोगी वाटत नाही, पण भाजलेल्या रव्याच्या परातीवर पंखा चालू राहिला म्हणजे काय होते ते पाहिलेल्या माणसाला ती सांगावीशी वाटते. वेळ न्याहारीनंतरची आणि आंघोळीच्या आधीची घ्यावी. भुकेले मूल परातीतले खाते आणि झोपेला आलेले मूल परात उलटी करते. गॅस बंद असावा. फोन दुसऱ्या खोलीत असावा. मुलाच्या हातातल्या मनगट्या काढाव्यात, नाहीतर काळ्या मण्यांच्या फटींत बसलेले पीठ संध्याकाळपर्यंत टाचणीने काढत बसावे लागते. कपडे जुने.

साहित्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण घरातले सगळेच निर्धोक, असा आपला समज असतो आणि तो बरोबर नाही. वर्षभराचे तांदूळ आणि डाळी साठवताना अनेक घरांत बोरिक पावडर लावतात किंवा डब्यात पाऱ्याच्या गोळ्या ठेवतात. असले धान्य खेळायला देऊ नये. आपण शिजवताना ते तीन पाण्यांनी धुतो; मूल मात्र तसेच हात माखून बोटे तोंडात घालते. कच्चा राजमा दिसायला देखणा असला तरी वर्ज्य समजावा. त्यातील विषारी द्रव्य नीट शिजवल्याखेरीज जात नाही, आणि चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी जोरदार उलट्या होऊ शकतात. गुंजा तर घरातच नकोत. लाल अंगाची आणि काळ्या डोळ्याची ती बी मुलांना हमखास आवडते आणि ती अत्यंत विषारी असते. रांगोळी शिरगोळ्याच्या दगडाची भुकटी असते. उधळली की ती श्वासात जाते, म्हणून बोटांनी रेघोट्या ओढायला रांगोळीऐवजी भाजून गार केलेला जाड रवा घ्यावा. टाल्कम पावडरही त्याच कारणाने नको. फुलदाणीत घालायचे, पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत, कारण गिळल्यावर ते पोटातही फुगत राहतात आणि आतडे अडते.

आकाराचा नियम असा, की तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील बारीक वस्तू तपासण्यासाठी जी नळी वापरतात तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो, आणि तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू त्या वयाला धोक्याची मानतात. या हिशोबाने हरभरे, शेंगदाणे, चिंचोके, सागरगोटे, कवड्या, गोट्या आणि शर्टाची बटणे हे सगळे बाद होते. ज्या मुलाची प्रत्येक वस्तू अजून तोंडात जाते, त्याला कोरडे धान्य देऊच नये. उकड किंवा शिजवलेला साबुदाणा द्यावा आणि तोही मांडीला मांडी लावून बसून. त्याहून मोठ्या मुलांना तांदूळ, मूगडाळ, मसूरडाळ, नाचणी चालते. सोबत दोन वाट्या, एक मोठा चमचा, एक नरसाळे आणि चहाचे गाळणे पुरे. दहा वस्तू मांडल्या तर मूल एकाही वस्तूशी खेळत नाही.

यापेक्षा जास्त काही लागते, असे वाटत असेल तर पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावाची आठवण करावी. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तेथे बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला गेले. त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी मुलांना शिंपले, बिया, पाने आणि खडे यांच्या साहाय्याने शिकवले. परातीसाठी दुकान शोधत फिरण्याची गरज नाही.

अन्नाशी खेळू नये, असे माझ्या आईचे म्हणणे होते आणि ते मी उडवून लावले नाही. वाद असा मिटला, की किलोभर तांदूळ आणि पाव किलो मसूरडाळ एका वेगळ्या डब्यात काढली, डब्यावर ‘खेळाचे’ असे लिहिले, आणि परातीत पाय घालायचा नाही, असा नियम केला. तेच तांदूळ आता सातव्या महिन्यात आहेत. ओले झालेले धान्य मात्र डब्यात परत टाकू नये, बुरशी येते.

उकडीबद्दल आग्रहाने सांगतो, कारण बाजारच्या रंगीत मातीपेक्षा ती मऊ असते आणि थोडी पोटात गेली तरी काळजी नाही. वाटीभर पाण्यात चमचाभर तेल आणि चिमूटभर मीठ घालून उकळी आणावी, वाटीभर तांदळाची पिठी एकदम घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळावे, झाकण ठेवून बारीक आचेवर दोन-तीन मिनिटे वाफ आणावी आणि परातीत काढून तेलापाण्याचा हात लावत मळावी. मोदकाला लागते तशीच. गोळा अंगठ्याने दाबला तर कडा फाटू नये. फाटली तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळावी. गोळा वरून गार लागतो आणि आतून चटका बसेल इतका गरम असतो, म्हणून तो मधोमध मोडून, आतली बाजू आपल्या मनगटाला लावून पाहिल्याशिवाय मुलाला देऊ नये. खेळता खेळता ती वाळते; त्यावर झाकायला एक ओले फडके लागते, आणि ते वरच्या दोन फडक्यांहून वेगळे. दोन हातांसाठी, एक उकडीसाठी, म्हणजे एकूण तीन. मोजून ठेवावीत.

कच्ची कणीक किंवा मैदा भिजवून देण्याची पद्धत आहे, पण कच्च्या पिठात जंतू असू शकतात आणि ते तोंडात जाणारच, हे धरून चालावे. दोन वाट्या मैद्यात एक वाटी मीठ घालून केलेली माती टिकते खरी. तिच्यात मीठ इतके असते की लहान मुलाने ती खाल्ली तर अपायच होईल. चार वर्षांपुढे पाहावे.

रंगासाठी हळद, बीट आणि पालक. हळदीचा डाग साबणाने धुवायला जाऊ नये. साबण अल्कधर्मी असतो, आणि हळदीला चुना लावून कुंकू होते तोच प्रकार आपल्या चादरीवर होतो; मी पिवळा डाग घासला आणि तो माझ्या डोळ्यांदेखत लाल झाला. साध्या पाण्याने धुऊन कपडा कडक उन्हात टाकावा, डाग उन्हाने उडतो. बिटाची उकड मुलाने खाल्ली असेल तर दुसऱ्या दिवशी शी-शू लालसर दिसते. ते आधी माहीत असावे, नाहीतर घरात धावपळ होते.

साबुदाणा भरपूर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवून, चाळणीत ओतून, वरून गार पाणी सोडून घ्यावा. हाताला तो गुळगुळीत आणि गारेगार लागतो; आमच्या लेकीने पहिल्यांदा त्यात बोट घातले, काढले, बोटाकडे पाहिले आणि मग दोन्ही हात मनगटापर्यंत खुपसले. सांडल्यावर फरशी निसरडी होते. येथेही ओले फडके लागते, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. कॉर्नफ्लोअर घ्यायचे असेल तर दोन भाग पिठाला एक भाग पाणी घ्यावे. मुठीत दाबले की घट्ट होते, मूठ उघडली की वाहते. तो प्रकार मोठ्यांनाच जास्त आवडतो. तो मोरीत ओतू नये, नळीत बसतो; वाळवून केरात टाकावा.

पाण्याच्या खेळाला घंगाळ नको, बादली नको, पसरट परात आणि तिच्यात दोन तांबे पाणी पुरे. लहान मूल दोन-तीन इंच पाण्यातही बुडू शकते, म्हणून पाणी असेपर्यंत उठायचे नाही. हात धुवायला शेजारी पाण्याची बादली ठेवली तर चालणार नाही का, असे मला एकाने विचारले. चालणार नाही, याच कारणाने. म्हणून फडके.

आता बसावे. बसण्यापूर्वी एकदा डावीकडे पाहावे. ताटली आहे का? तिच्यात फडके आहेत का? ओली आहेत का? कोरडे फडके चिकट हातांवर काहीच काम करत नाही, ते भिजवायला उठावेच लागते, आणि उठणे हाच तर सगळ्या घोळाचा उगम. एका वेळी एकच परात मांडावी. उकड चालू असताना धान्याचा डबा फडताळात, कडी लावलेला. मुलाला ‘असे कर, तसे कर’ सांगू नये. हात घालायला ते तयार नसेल तर चमचा द्यावा, तोही नको असेल तर परात उचलून ठेवावी आणि आठवड्याने पुन्हा काढावी. दाराची घंटा वाजली तर मुलाला कडेवर घेऊन जावे. पंधरा-वीस मिनिटे खूप झाली.

उठवण्याआधी हात पुसावेत, मग तळपाय, मग आंघोळ. परातीतले पाणी लगेच ओतावे, नंतर नाही. धान्य चाळून डब्यात. चादर चार कोपरे धरून उचलावी आणि गच्चीवर झटकावी, खाली कोणाचे कपडे वाळत नाहीत ना ते पाहून. उकड फ्रिजमध्ये एक दिवस, पुढे नाही. केर काढावा, सोफ्याखालूनही. आणि फडकी धुऊन, पिळून पुन्हा त्याच ताटलीत ठेवावीत; खेळ दुपारी परत मागितला जातोच.