गिझर गळतोय? नवा घेण्याआधी या चुका टाळा

मुंबईत डिसेंबर-जानेवारीत पारा विशीखाली गेला की एरवी महिनोन्‌महिने नुसते टांगलेले गिझरही चालू होतात. मग चार दिवसांत तक्रार येते: खालून पाणी ठिबकतंय. बोलावलेला माणूस मान वर करून बघतो आणि म्हणतो, "नवाच घ्या." लगेच दुकान गाठू नका. पाणी नेमकं कुठून येतंय ते आधी बघा.

थंड पाणी आत जातं त्या इनलेटवर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तापलेलं पाणी फुगतं, एकेरी झडपेमुळे ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून व्हॉल्व्ह जास्तीचं पाणी थेंबाथेंबाने सोडतो. गिझर तापताना ठिबकलं आणि नंतर थांबलं, तर व्हॉल्व्ह आपलं काम चोख करतोय. त्याच्या तोंडाला एम-सील फासणं किंवा बूच ठोकणं ही सगळ्यांत घातक चूक. सगळा दाब मग गिझरच्या टाकीवर येतो. त्यापेक्षा तिथे बारीक नळी लावून ती मोरीत सोडा. ठिबकणं चोवीस तास चालू असेल, तर मात्र व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा लाइनीत दाब जास्त आहे. दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब वाढतो. त्यामुळे टॉवरमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी खालच्या मजल्यांवर जोरात येतं. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो, नवा गिझर नाही.

खालच्या झाकणातून पाणी येत असेल तर बहुतेकदा पाणी तापवणाऱ्या एलिमेंटच्या प्लेटखालचं रबरी गॅस्केट गेलेलं असतं. ते बदलता येतं. (झाकण उघडण्याआधी एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा बोर्डावरचा खटका, पाडायचा, नुसतं बटण नाही.) जोड कोरडे आणि तरी बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यातून गंजकट तांबूस पाणी पाझरतंय, तर टाकीच फुटली. वेल्डिंगच्या नादी लागू नका. इथे गिझर बदलायचाच.

टाकी अशी लवकर का जाते? पालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसाचं. त्यात क्षार कमी. पण सोसायटीत टँकर येत असतील किंवा बोअरिंगचं पाणी मिसळत असेल, तर एलिमेंटवर पांढरी पुटं चढतात, पाणी तापायला वेळ लागतो आणि आतून खडखड ऐकू येते. शिवाय टाकीत मॅग्नेशियमचा एनोड रॉड असतो. टाकीऐवजी तो गंजतो, आणि तो संपला की पाळी टाकीची. सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाला रॉड बाहेर काढून दाखवायला सांगा. आतली तार उघडी पडली असेल तर लगेच बदला. सर्व्हिसिंग म्हणजे वरून फडकं मारणं, हा समज फार पसरलाय.

पाणी कोमट येतंय म्हणून तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट बदलायची घाईही नको. गिझर बंद करा, इनलेटचा अँगल कॉक फिरवून बंद करा आणि गरम पाण्याचा नळ सोडा. धार थोड्या वेळात थांबायला हवी. ती चालूच राहिली, तर गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळातून (मिक्सर) किंवा शॉवरकडे पाणी वळवणाऱ्या डायव्हर्टरमधून थंड पाणी गरमच्या लाइनीत घुसतंय. गिझर बिचारा ठीक आहे, प्लंबरला बोलवा.

नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर "थोडासाच करंट आहे" म्हणून आंघोळ उरकू नका. एमसीबी पाडा, अर्थिंग आणि एलिमेंट तपासून घ्या. 2 किलोवॅटचा गिझर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो. त्याला 16 अँपिअरचाच सॉकेट हवा, मध्ये अॅडॅप्टर नको. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये तर कधीच नको. गॅस जळताना तिथे विषारी कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो, आणि त्याला वास नसतो.

नवा घेतलाच, तर तो फॉल्स सीलिंगच्या वर कोंबू नका; निदान झाकण उघडेल एवढी खिडकी ठेवा. टाकीची वॉरंटी वेगळी विचारा. आणि बसवल्यावर गरम नळ उघडून अखंड धार लागल्याशिवाय बटण दाबू नका, कोरड्या टाकीत एलिमेंट बघता बघता जळतं.