मोठ्या संख्येचे अवयव पाडताना या चुका टाळा

एखादी मोठी संख्या मूळ आहे की संयुक्त, तिचे विभाजक किती, त्यांची बेरीज किती, या सगळ्याचा पाया एकच: मूळ अवयव बरोबर पाडले का? तिथे चुकलं की पुढचं सगळं गणित वाया जातं.

१२,३४,५६,७८९ घेऊन बघू. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो आणि भागाकार येतो १,३७,१७,४२१. अंकांच्या बेरजेची ही कसोटी ३ आणि ९ पुरतीच आहे, ती २७ ला लावू नका. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ येते, तरी २७ ने भागल्यावर बाकी ९ उरते.

आता १,३७,१७,४२१ ला ७, ११, १३ असं भागत चला. शंभर ओलांडलं, हजार ओलांडलं, तरी भाग जात नाही. इथेच बरेच जण कंटाळून ‘मूळ संख्या’ असं लिहून मोकळे होतात. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वर्गमूळापर्यंत, म्हणजे ३७०३ पर्यंत जायलाच हवं, कारण ३६०७ ने भाग जातो आणि भागाकार ३८०३ येतो. याच्या उलट, काही जण मूळच्या संख्येचं वर्गमूळ धरून ११,१११ पर्यंत भागत बसतात. त्याची गरज नसते. अवयव सापडला की उरलेल्या संख्येचं वर्गमूळ नव्याने काढा.

म्हणजे संख्या झाली ३² × ३६०७ × ३८०३. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ३ × २ × २ = १२ विभाजक. त्यांची बेरीज (१+३+९) × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. ३ दोनदा आला म्हणून (१+३) दोनदा घेतलं, तर १३ च्या जागी १६ येतात आणि उत्तर फुगतं.

संगणकावर काम करत असाल तर आधी अंक तपासा. एक्सेल १५ अंकच जपतं, पुढे शून्यं भरतं. २ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, त्यात टाकून पाहा: शेवटचे सहा अंक शून्य होतात आणि विषम संख्येला चक्क १० ने भाग जायला लागतो! अशा वेळी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरा, त्यात पूर्णांक कितीही मोठा चालतो.

फर्माच्या कसोटीवरही आंधळा विश्वास नको. ती सांगते की p ही विषम मूळ संख्या असेल, तर २ च्या (p − १) व्या घाताला p ने भागल्यावर बाकी १ उरते. २ च्या ३४० व्या घाताला ३४१ ने भागलं की बाकी १ उरते, मूळ संख्येला उरावी तशीच. पण ३४१ = ११ × ३१.

आणि प्रोग्रॅमने ‘संयुक्त’ म्हटलं पण अवयव दिले नाहीत, तर तो बिघडला असं समजू नका. वरची २१ अंकी संख्या संयुक्त असल्याचं गणितज्ञ लुकासने १८७६ मध्ये दाखवलं होतं. तिचे अवयव, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, गणितज्ञ कोलने मांडले ते १९०३ मध्ये.