पुराच्या मदतीचे पैसे अडकतात कुठे?
पंचगंगेचं पाणी उतरलं की लगेच रान साफ करायला घेऊ नका. आधी तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक यांचा पंचनामा होऊ द्या. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त भरलं तरच मदत. गट नंबर, पीक, क्षेत्र तिथंच वाचून बघा.

मदतीच्या यादीत नावासमोर विशिष्ट क्रमांक असतो. तो आणि आधार घेऊन सेवा केंद्रात ई-केवायसी, म्हणजे अंगठा लावून आधारवरून ओळख पटवणं, करा. अंगठा उमटत नसेल तर दुसरं बोट टेकवा. राबणाऱ्या हातांचं हे नेहमीचंच. पावती जपा.

खरी मेख पुढं आहे. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते बऱ्याचदा जिल्हा बँकेऐवजी कधीतरी उघडून विसरलेलं भलतंच खातं निघतं. बँकेत आधी विचारा.

सामायिक सातबारा असेल तर बाकी खातेदारांचं संमतीपत्र तलाठ्याकडे द्या.