पेरणीच्या तोंडावर व्हिसाचे पैसे कसे सांभाळावे

दारव्हा तालुक्यात माझं सेतू केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा हे रोजचं काम. चार वर्षांपासून पोरापोरींचे व्हिसाचे कागदही माझ्याच टेबलावर यायला लागले.

इंग्लंडला शिकायला जाणाऱ्यांनी आधी 28 दिवसांचं गणित पक्कं करावं. राहिलेली फी आणि राहण्या-खाण्याचा खर्च मिळून जी रक्कम दाखवायची, ती खात्यात सलग 28 दिवस असली पाहिजे. एक दिवस जरी खाली गेली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शिवाय त्यातला शेवटचा दिवस अर्जाच्या आधी 31 दिवसांच्या आत यायला हवा. आता आपली पंचाईत पाहा. कापूस विकतो हिवाळ्यात, कॉलेज उघडतं सप्टेंबरात, आणि अर्जाची वेळ नेमकी पेरणीच्या दिवसांत येते. माझ्या पुतणीचं तसंच झालं. मृग लागला अन् भावानं त्याच खात्यातून बियाणं-डीएपीचे पैसे उचलले. एजंट म्हणे, ‘चालते ना भाऊ, काही होत नाही.’ झालं, व्हिसा नाकारला.

म्हणून कापसाचा चुकारा आला की व्हिसाची रक्कम वेगळ्या खात्यात टाका. त्याला यूपीआय जोडू नका. जीवनज्योतीचे 436 आणि सुरक्षा विम्याचे 20 रुपये मे अखेरीस आपोआप कटतात, ती संमती त्या खात्यावर ठेवू नका. पौंडाचा भावही हलतो, तेव्हा वर थोडी रक्कम राहू द्या.

खातं आईवडिलांचं असेल तर त्यांचं संमतिपत्र आणि पोराचा जन्मदाखला लागतो. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं. ते चढवता येतं का हे आधी ग्रामपंचायतीत विचारा, इंग्रजी भाषांतर करा.

सातबारा म्हणजे पैसा नव्हे, तिथे शेत मोजत नाहीत. कर्जालाही बँका शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत, कारण थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला कोर्टाशिवाय विकू देणाऱ्या सरफेसी कायद्यातून ती वगळलेली आहे. अकृषक प्लॉट किंवा घर असेल तर बोला. विद्यार्थ्याच्या नावावर बँकेचं शैक्षणिक कर्ज मंजूर झालं की तेवढ्या रकमेला 28 दिवसांची अट राहत नाही; फक्त मंजुरीपत्र अर्जाच्या आधी सहा महिन्यांच्या आतलं असावं.

एक अवघड गोष्ट. फी-सवलतीसाठी लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला आपणच काढलेला असतो, अन् खात्यात दिसतात वीस लाख. शेतीवर आयकर नाही, म्हणून बरेच जण रिटर्नच भरत नाहीत अन् कापूस तिथे दिसत नाही. बाजार समितीच्या काटापट्ट्या फेकू नका, पैसा कुठून आला हे त्याच सांगतात.

जर्मनीची रीत वेगळी. वर्षाचे 11,904 युरो ब्लॉक खात्यात भरायचे, ते तिकडे महिन्याला 992 मिळतात. नोव्हेंबर 2022 पासून एपीएस, म्हणजे आपल्या शिक्षणाचे कागद तपासल्याचं प्रमाणपत्रही लागतं, त्याला वेळ जातो.

येताना दहावीची मार्कशीट आणा, नावाचं स्पेलिंग मी त्यावरूनच जुळवतो. बाजाराच्या दिवशी मात्र येऊ नका, बोलायला सवड नसते.