वीस वर्षांनी दुसरा भाग: कोकणातल्या लाडक्या सिनेमाला हात घालण्याआधी

ज्याचे संवाद गावात अजून पाठ आहेत अशा सिनेमाचा दुसरा भाग काढायचा, तर पहिला प्रश्न असा: मधली वर्षं गोष्टीच्या कामाची आहेत का? ‘नवरा माझा नवसाचा’ २००४ मध्ये एस्टीने गणपतीपुळ्याला निघाला होता. २०२४ च्या दुसऱ्या भागाने तोच पल्ला कोकण रेल्वेने गाठला. देव तोच, प्रवास तोच, वाहन बदललेलं, आणि मधला काळ आपोआप पडद्यावर आला. ‘झपाटलेला’ची (१९९३) सोय आणखी चांगली होती, कारण त्यातला खलनायक बाहुला आहे आणि बाहुल्याचं वय वाढत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले, तरी २०१३ मध्ये नायकाच्या मुलाला पुढे करून कथा चालवता आली. तुमच्या सिनेमात असं न थकणारं काय आहे ते शोधा. सगळा जीव एकाच नटाच्या चेहऱ्यात असेल आणि तो नट आता नसेल, तर नवा सिनेमा काढा. नाव जुनं कशाला?

हे घरात बसून ठरवू नये. हक्कधारकाची लेखी परवानगी घेऊन जुना सिनेमा गणपतीच्या दिवसांत देवळाच्या सभामंडपात दाखवा, तेव्हा चाकरमानी आणि गावकरी एकत्र सापडतात. विशीच्या आतली मुलं किती वेळ बसतात ते बघा, म्हातारे तर बसणारच. कुठले संवाद लोक नटाच्या आधी म्हणतात ते टिपा. नंतर ‘दुसरा भाग आला तर बघाल का?’ असं विचारू नका, तोंडावर नाही कोण म्हणणार? ‘त्या माणसांचं पुढे काय झालं असेल?’ असं विचारा. चार वेगवेगळ्या घरांतून चार वेगळी उत्तरं आली तर मालमसाला आहे. सगळे फक्त जुने विनोद परत सांगू लागले, तर लोकांना पहिलाच सिनेमा पुन्हा हवा आहे. तोच पुन्हा लावावा. ‘तुंबाड’ २०१८ मध्ये फारसा चालला नाही, पण सप्टेंबर २०२४ मध्ये परत लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. आधी मागणी दिसणं आणि मग खर्च करणं, हा क्रम बरोबर.

हक्कांचे कागद हे कोकणातल्या सातबाऱ्यासारखे असतात: नावं पुष्कळ, त्यातली निम्मी माणसं मुंबईत आणि एक सही कायम अडलेली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सिनेमाचा पहिला मालक सहसा निर्माता असतो. पण कथा, पात्रं आणि गाणी यांचे करार वेगळे असू शकतात. करार लेखी आहे का आणि त्यात मुदत लिहिली आहे का ते वाचा. मुदत लिहिलेली नसेल तर हक्कांचं हस्तांतरण पाच वर्षांचंच धरलं जातं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरतं. जुन्या करारांत ‘दुसऱ्या भागाचा हक्क’ असा उल्लेख बहुधा नसतोच. निर्माता वारला असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या आधी, पटकथा नंतर. उलटं केलं की चित्रीकरण तोंडावर आल्यावर नोटीस येते.

आता जागा. जुन्या सिनेमातल्या वीसेक चौकटी छापून घ्या आणि त्याच ठिकाणी उभं राहून ताडून बघा. कौलांचं घर होतं तिथे स्लॅब पडलेला असतो, जांभ्याच्या गडग्याजागी सिमेंटची भिंत, समोर मोबाइलचा टॉवर. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, धूपप्रतिबंधक बंधारा आलेला असतो. श्रीवर्धन, मुरुड, दिवेआगर, दापोली या पट्ट्यात ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. नव्या लावणीची झाडं ठेंगणी दिसतात आणि जुनी वाडी संगणकावर उभी करायला पैसा लागतो, शिवाय ते कळतं. मग लपवायचं कशाला? घरावर स्लॅब कुणी घातला, कौलं उतरवताना कोणत्या भावाने विरोध केला, वाडी पडल्यावर पोफळी परत लावायच्या की जमीन रिसॉर्टवाल्याला द्यायची, यातच दुसऱ्या भागाची गोष्ट असते. ती सोडून आम्ही कित्येक पटकथांत नुसती ‘नवी संकटं’ वाचतो.

हिरवा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, हवा असेल तर जून ते ऑक्टोबर, नोव्हेंबरअखेर तो पिवळा पडतो आणि पुढे मेपर्यंत करपलेलाच. पहिल्या भागात मच्छीमार होड्या समुद्रात असतील तर १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी लक्षात ठेवा, कारण तेव्हा त्या वर ओढून शाकारलेल्या असतात. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. म्हणजे राहिलेला शॉट आठवड्याने घ्यायला गेलात तर त्याच घड्याळी वेळेला जवळजवळ ओहोटी मिळेल. पंधरवडा थांबा, चित्र बरंचसं जुळतं.

बोलीबाबत एकच सांगणं: मालवणी संवाद दशावतारात उभ्या राहणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. आजीची आणि ठाण्यात वाढलेल्या नातवाची मालवणी एकसारखी लिहिलीत की पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षक हातचा जातो. टाळ्यांचे जुने संवाद फार तर एकदा, तेही दुसऱ्याच कुणाच्या तोंडी.

राहता राहिला पैसा, आणि इथेच भलेभले फसतात. वेडे चाहते आवाज मोठा करतात, पण संख्येने थोडे असतात. हॉलिवूडचा ‘ब्लेड रनर’ १९८२ मध्ये थिएटरात पडला आणि पुढे व्हिडिओवर लोकांनी डोक्यावर घेतला. पस्तीस वर्षांनी आलेला दुसरा भाग समीक्षकांनी नावाजला, छायाचित्रणाचं ऑस्करही मिळालं, पण किमान पंधरा कोटी डॉलर घातलेले होते आणि तिकिटांतून ते पचले नाहीत. आपल्याकडचा ढोबळ हिशेब असा: करवजा जमा झालेल्या रकमेतला साधारण निम्मा वाटा थिएटरवाल्यांकडे जातो. चार कोटींचा सिनेमा आणि एक कोटी प्रसिद्धी, तर निव्वळ तिकीटविक्री दहा कोटींच्या आसपास लागते, तेव्हा कुठे बरोबरी. ओटीटी आणि टीव्हीचे पैसे करार हातात येईपर्यंत या हिशेबात धरू नका.

प्रदर्शनाची तारीख गणपतीच्या दिवसांत धरू नका, मुंबईतला तुमचा प्रेक्षक तेव्हा गावी असतो आणि तळकोकणात थिएटरं मोजकीच. ‘नवरा माझा नवसाचा २’ २० सप्टेंबर २०२४ ला लागला, म्हणजे अनंत चतुर्दशीनंतर तिसऱ्या दिवशी, चाकरमानी परतल्यावर.